पोवळ्यांच्या रानात नांगर

२०१९ सालच्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, आम्ही घरची मंडळी आंबोलीचा घाट उतरून मालवणास गेलो होतो. बेळगावकडच्या माणसाला समुद्र म्हटला की तो एकतर गोव्याचा, नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याचा. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाल्यावर पुतण्याने हट्ट धरला म्हणून पाण्याखालची पोवळी दाखवणाऱ्या एका होडीत बसलो. किल्ल्याच्या तटापासून काही अंतरावर तांडेलाने यंत्र बंद केले आणि नांगर पाण्यात सोडला. पोरे तोंडाला काचेचा मुखवटा लावून तासभर पाण्यात डुंबली. परत निघताना तांडेलाने दोर ओढून नांगर वर घेतला, तेव्हा त्याच्या आकड्यात तळहाताएवढा एक तुकडा अडकून आला होता. वरून तपकिरी, खडबडीत, हाताला बुळबुळीत. जिथे मोडला होता तिथे मात्र खडूसारखा पांढराशुभ्र.

पुतण्याला तो घरी न्यावयाचा होता. मी नको म्हटले. प्रवाळाला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-हत्तींच्या पंक्तीत बसविले आहे. त्याचा तुकडा बाळगणे हाही गुन्हाच. तांडेलाने तो मुकाट्याने पाण्यात टाकला. पोराने विचारले, “काका, हे पुन्हा उगवेल ना?” तीस वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे देण्यात घालवलेल्या माणसाला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर वाचू लागलो. वाचता वाचता मालवणहून फार दूर, तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला जाऊन पोहोचलो, कारण होड्यांनी पोवळ्यांचे काय होते याचा हिशेब जेथे मनावर घेऊन मांडला गेला, त्या जागांपैकी ती एक प्रमुख जागा आहे.

पण आधी थोडे शब्दाविषयी. मराठीत शेत नांगरण्याचे अवजार तो नांगर आणि होडी थोपवून धरणारे लोखंड तोही नांगरच. पहिला संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दाच्या घराण्यातला, दुसरा फारसी ‘लंगर’चा, दोघे दोन देशांतून आले आणि आपल्या जिभेवर येऊन एकरूप झाले, असे मानावयास जागा आहे. मराठीच्या अध्यापकाला अशा जुळण्यांचे कौतुक फार. परंतु या जुळणीत निव्वळ योगायोगाहून अधिक काही आहे, हे त्या दिवशी होडीत बसलो असता कळले. समुद्रातला नांगरही जमीन नांगरतोच. शेतातल्या नांगरामागून पेरणी येते, एवढाच काय तो फरक.

पोवळे म्हटले की आपल्या घरांतून आठवते ती मंगळाची अंगठी. ते लाल रत्न मुख्यत्वे भूमध्य समुद्रातून येते आणि त्याची जात निराळी. आपण बोलत आहोत ते प्रवाळ उथळ, उबदार, स्वच्छ पाण्यात डोंगरच्या डोंगर उभारणारे. संस्कृतात पोवळ्याला ‘विद्रुम’ असेही नाव आहे. त्यात ‘द्रुम’ म्हणजे वृक्ष दडलेला आहे. पाश्चात्त्यही शतकानुशतके त्याला वनस्पतीच समजत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने हा प्राणी असल्याचे सांगितले, तेव्हा तिकडच्या विद्वत्सभेला ते प्रथम पटले नाही. वस्तुतः एकेका प्रवाळ-खडकावर हजारो चिमुकले जीव दाटीने राहतात. प्रत्येकाला एक पिशवीसारखे पोट, वर तोंड आणि तोंडाभोवती मऊ हातांचे वलय. हे जीव आपल्या बुडाखाली चुनखडीचा पाया घालीत जातात. जीव मरतात, पाया उरतो, त्यावर नवे जीव बसतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शैवाल भाडेकरू म्हणून राहते. उन्हाच्या बळावर ते अन्न तयार करते आणि भाड्यापोटी त्यातला मोठा वाटा घरमालकास देते. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच.

वाढीचा वेग ऐकावा म्हणजे नांगराचा अर्थ ध्यानात येतो. फांद्याफांद्यांचे प्रवाळ वर्षात काही सेंटीमीटर वाढते. गोट्यासारखे भरीव प्रवाळ मात्र वर्षाकाठी सेंटीमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणजे पुरुषभर उंचीचा एखादा गोटा आज पाण्यात उभा असेल तर त्याचा प्रारंभ पेशवाई बुडाली त्या सुमारास झाला असावा. तो उलथून पडावयास एक साखळी आणि पाच मिनिटांचा वारा पुरे. तेव्हा पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: उगवेल, तुटलेला तुकडा घट्ट जागी टेकला तर तोही क्वचित् जीव धरील, पण ते पाहावयास तुझी नातवंडे लागतील.

आता तांबड्या समुद्राकडे वळू. आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामधली ही चिंचोळी, खोल, खारट पाण्याची पट्टी. हिला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. त्यामुळे गाळ नाही, पाणी स्फटिकासारखे, आणि प्रवाळाला नेमके तेच हवे. उत्तरेस सिनाई द्वीपकल्पाच्या टोकाशी हा समुद्र दुभंगतो. डावीकडे सुएझचे उथळ आखात, उजवीकडे अकाबाचे अतिशय खोल आखात. अकाबाच्या शेवटास एलात आणि अकाबा ही दोन नगरे जवळजवळ एकमेकांसमोर बसली आहेत, सुमारे साडेएकोणतीस अक्षांशावर. म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांच्याच नव्हे, तर दिल्लीच्याही उत्तरेस! आपल्या देशातील सर्वांत उत्तरेकडची प्रवाळबेटे कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या पिरोटन वगैरे ठिकाणी आहेत. वडोदऱ्याच्या काही मंडळींनी ओहोटीच्या वेळी ती पायी हिंडून पाहिलीही असतील. ती साडेबावीस अक्षांशाच्या आसपास. तांबड्या समुद्रातील प्रवाळ त्यांच्याही कितीतरी वर आहे.

या उत्तरेकडच्या प्रवाळाचे महत्त्व भूगोलातील नवलापुरते नाही. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आणि त्याचा भाडेकरू यांचे बिनसते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरेफटक होते आणि ताप लांबला तर उपाशी मरते. १९९८, २०१६ आणि नंतर २०२३-२४ या काळात जगभरच्या समुद्रांत हे घडले. असे असता तांबड्या समुद्राच्या उत्तर भागातील प्रवाळ इतरांहून चिवट आढळले. २०१३ साली माओझ फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची उपपत्ती मांडली. गेल्या हिमयुगानंतर प्रवाळाची पिल्ले या समुद्रात शिरली ती दक्षिणेच्या बाब-अल-मंदेबच्या दारातून, आणि ते दार अतिशय उष्ण पाण्याचे. त्या उष्णतेत जी टिकली त्यांचीच संतती उत्तरेकडे सरकत गेली व तुलनेने थंड पाण्यात स्थिरावली. परिणामी तेथल्या नेहमीच्या उन्हाळ्याहून काही अंश अधिक ताप सोसण्याची शक्ती त्यांच्या रक्तात आहे. (प्रवाळाला रक्त नसते, हे विज्ञानशिक्षकांनी सांगण्यापूर्वी मीच कबूल करतो.) या शक्तीलाही सीमा आहे, ती अमर आहेत असे कोणी समजू नये. तथापि जगातील प्रवाळ उरलेच तर जेथे उरेल अशा थोड्या ठिकाणांत या भागाची गणना होते.

आणि नेमक्या याच ठिकाणी पाण्यात बुड्या मारणाऱ्यांची सर्वांत मोठी गर्दी लोटली. हुरघाडा हे इजिप्तच्या किनाऱ्यावरचे एके काळचे मासेमारांचे खेडे. १९८० नंतर तेथे हॉटेले उठू लागली आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेल्या युरोपीय पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या बोटी दरवर्षी वाढत गेल्या. सकाळी बोट प्रवाळखडकाशी जायची, नांगर टाकायची, नाहीतर एखाद्या मोठ्या प्रवाळगोट्यालाच दोर गुंडाळायची; दुपारी दुसऱ्या खडकाशी तोच प्रकार. पाहुणे पोवळी पाहावयास येत, आणि ज्या बोटीतून येत तीच पोवळी मोडीत असे. यात कोणाचा दुष्टावा होता असे नाही. बोट थांबवावयाची तर नांगर टाकावा, ही रीत बापजाद्यांपासूनची.

नांगराचा घाव तीन प्रकारचा. पडताना तो चुरा करतो. रुतेपर्यंत फरफटत जाताना सरी ओढतो. आणि तिसरा घाव आपल्यासारख्या कोरड्या जमिनीवरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही, तो साखळीचा. नांगर एका जागी रुतला तरी वाऱ्याने बोट त्याच्याभोवती झुलत राहते आणि तळाशी पडलेली जड साखळी विळ्यासारखी अर्धगोल फिरते. म्हणून नांगर वाळूत टाकला तरी पुरत नाही. साखळीचा फेरा जेथवर पोहोचेल तेथवर वाळूच असली पाहिजे.

उपाय काय? ऐकून वाटेल, यात शोध तो कसला! बैल जसा गोठ्यातल्या खुंट्याला बांधतो तशी बोट बांधावी. खुंटा एकदाच ठोकावा आणि सर्वांनी तोच वापरावा. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या की लार्गो येथे जॉन हॅलस या जीवशास्त्रज्ञाने १९८१ साली हे करून दाखविले. पाण्याखाली, जिवंत प्रवाळ टाळून, उघड्या खडकात यंत्राने सुमारे दीड फूट खोल भोक पाडले, त्यात न गंजणाऱ्या पोलादाची कडी सिमेंटने बसविली, कडीला पाण्यात तरंगणारा दोर व दोराच्या टोकाला पृष्ठभागावर बोया. दोर तरंगता असावा यात मर्म आहे. बुडणारा दोर तळ घाशीत राहतो आणि साखळीचेच काम करतो.

हुरघाड्यास १९९२ साली बुड्यांच्या धंद्यातल्याच काही लोकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. हेप्का या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिने तांबड्या समुद्रातील प्रवाळखडकांवर असे खुंटे बसविण्याचे काम हाती घेतले आणि पुढील वर्षांत ते शेकड्यांनी बसविले. तेथील खलाशी या बोयाला ‘शमंदुरा’ म्हणतात. बोट जवळ आली की एक खलाशी दोराचे टोक घेऊन पाण्यात उडी टाकतो, कडीत दोर ओवून गाठ मारतो आणि वर येतो. उत्तरेच्या तांबड्या समुद्रात वारा वर्षातील बहुतेक काळ उत्तर-वायव्येकडून येतो. म्हणून खुंटे खडकाच्या दक्षिण अंगास, आडोशाला. वारा बोटीला खडकापासून दूर लोटीत राहतो, दोर ताणलेला राहतो आणि सर्व ठीक असते. वारा पडला किंवा उलटला की तीच बोट खडकावर येऊ लागते. तेव्हा जेवण अर्धे टाकून यंत्र सुरू करण्याइतका तांडेल जागरूक हवा. बोटींची संख्या खुंट्यांहून अधिक झाली की एकीमागे एक अशी माळ लावून बांधतात. माळ लांबली की खुंट्यावरचा ताण वाढतो. येथूनच पुढची गोष्ट सुरू होते.

‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज. उत्तर आफ्रिकेतील सैन्यासाठी मोटारसायकली, लष्करी ट्रक, रेल्वेची इंजिने असा माल घेऊन ते सुएझच्या आखाताच्या तोंडाशी थांबले असता १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन विमानांनी रात्री बॉम्ब टाकून ते बुडविले. नऊ माणसे गेली. सुमारे तीस मीटर खोलीवर ते अजून उभे आहे. त्याच्या अंगावर प्रवाळ चढले, पोटात मासे राहू लागले, आणि १९९० नंतर ते जगातील सर्वांत प्रसिद्ध बुडीस्थळांपैकी एक झाले. बोटी येत आणि सरळ जहाजाच्याच कठड्यांना दोर बांधीत. पन्नास वर्षे समुद्राने न मोडलेले लोखंड दोरांच्या हिसक्यांनी निखळू लागले. २००७ साली ते स्थळ काही काळ बंद ठेवून हेप्काने भोवती स्वतंत्र खुंटे बसविले. योजना उत्तम होती. परंतु भारी बोटी, जोराचा प्रवाह आणि अपुरी देखभाल यांपुढे त्यांतील पुष्कळ खुंटे थोड्याच वर्षांत निकामी झाले आणि दोर पुन्हा जहाजाला बांधले जाऊ लागले. हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण आमच्या शाळेतही शुद्ध पाण्याचे यंत्र मोठ्या समारंभाने बसले आणि दुसऱ्या वर्षी त्याची गाळणी बदलावयास पैसे नव्हते. खुंटा ठोकण्यास एक दिवस लागतो, फोटोही निघतो. त्याचा दोर दर काही महिन्यांनी तपासणे, शेवाळ खरवडणे, झिजलेली कडी बदलणे याचा फोटो कोणी काढीत नाही.

बोट नीट बांधली तरी तिच्यातली माणसे उरतातच. ज्यूली हॉकिन्स व कॅलम रॉबर्ट्स या दोन ब्रिटिश संशोधकांनी सिनाईच्या टोकावरील रास मोहम्मद येथे, जे १९८३ पासून संरक्षित क्षेत्र आहे, मोजमाप करून १९९७ साली असे मांडले की एका स्थळी वर्षाला पाच ते सहा हजारांपर्यंत बुड्या झाल्या तर प्रवाळ तग धरते. त्यापुढे नुकसान झपाट्याने वाढते. दिवसाला हिशेब केला तर पंधरा-सोळा बुड्या. एका मोठ्या बोटीत कित्येकदा तेवढीच माणसे असतात! उलट एलातच्या गर्दीच्या किनाऱ्यावर एकेका स्थळी वर्षाला तीस हजारांवर बुड्या होत असल्याची नोंद २००२ साली प्रसिद्ध झाली. माणूस बुडी मारताना मुद्दाम काही मोडीत नाही. पायांना बांधलेली लांब वल्ही मागे कशाला लागतात ते त्याला दिसत नाही. नवखा तोल सांभाळण्यासाठी जे हाती लागेल ते धरतो, छायाचित्र घेणारा गुडघे टेकतो, कोणी लाथेने वाळू उडवितो आणि ती त्या चिमुकल्या तोंडांत जाते.

यावर एक फार स्वस्त उपाय त्याच रास मोहम्मदला तपासून पाहण्यात आला आणि तो वाचून माझ्यातला शिक्षक सुखावला. बुडीपूर्वी पाहुण्यांना बोटीवर बसवून प्रवाळ म्हणजे काय, त्याला का स्पर्श करू नये, पाण्यात हातपाय कसे ठेवावेत हे समजावून दिले, मग पाण्यातही थोडे दाखविले. १९९७ च्या त्या अभ्यासात, सात मिनिटांच्या निरीक्षणात माणशी धक्क्यांची सरासरी जी पूर्वी १.४ होती ती पाठानंतर ०.४ वर आली. एक छोटा तास, आणि तीन हिश्श्यांतले दोन हिस्से नुकसान टळले. निरीक्षक पट्ट्या घेऊन फिरले असते तरी एवढे साधले नसते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जेथे प्रवाह जोराचा असतो तेथे बोट बांधतच नाहीत. माणसांना एका टोकास पाण्यात सोडतात, ती प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि बोट दुरून मागे मागे येऊन दुसऱ्या टोकास त्यांना उचलते. प्रवाळाच्या दृष्टीने ही सर्वोत्तम रीत. मात्र तांडेलाची नजर पाण्यावरून क्षणभर हलता उपयोगी नाही, कारण खाली माणसे आणि वर फिरता पंखा. उथळ पाण्यात पंखा जोरात फिरविला की तळाचा गाळ उडून प्रवाळावर बसतो, यास्तव खडकाजवळ संथ जावे. शौचकूपाची टाकी खडकाजवळ रिकामी करू नये. त्या खताने शैवाल माजते आणि प्रवाळाला गुदमरविते. उरलेले अन्न माशांना घालू नये. तांबड्या समुद्रात एके काळी पाणबुडे नेपोलियन नावाच्या प्रचंड माशाला उकडलेली अंडी चारीत असत. मासे बिचारे अंड्यांची वाट पाहत बोटीखाली घिरट्या घालू लागले. आता तसे करण्यास मनाई आहे.

२०२३ च्या मे महिन्यात पुन्हा मालवणास जाण्याचा योग आला. या वेळी एकटाच होतो. धक्क्यावर तोच तांडेल भेटला. चार वर्षांत केस पिकले होते, पण त्याने ओळखले. चहा घेताना मी त्याला हुरघाड्याच्या खुंट्यांची हकिगत सांगितली. उपदेश केल्यासारखे होऊ नये म्हणून जरा जपूनच सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले, मग दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडे धरले. दोराने घट्टे पडलेले हात.

“गुरुजीनू,” तो म्हणाला, “नांगर वडून वडून कंबर मोडली माजी. बोयो घालून देवा, मगे मी नांगर कित्याक टाकतलंय?”

मी विचारले, बोयाचा दोर झिजला तर तो कोण पाहील? त्याने किनाऱ्यावर उभ्या असलेल्या होड्यांकडे पाहिले, बोटांवर काही मोजले आणि म्हणाला की आळीपाळीने पाहता येईल, पण ते सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवावे लागेल. मग गिऱ्हाईक आले म्हणून तो उठला.